टाके सुकले, पण आजीची आठवण कोण तपासणार?

म्हातारे माणूस ऑपरेशन करून घरी आले की आपण काय विचारतो? टाके ओले आहेत का, ताप येतो का, जेवण जाते का, पाय जमिनीला टेकतो का. हे सगळे विचारलेच पाहिजे. पण एक प्रश्न दवाखान्यातही विचारला जात नाही आणि घरातही नाही. ऑपरेशनच्या आधी हे माणूस जसे लक्षात ठेवत होते, जसा हिशेब करत होते, तसे आता करते का?

आपल्या जिल्ह्यात यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी, उमरखेड, कुठल्याही वस्तीत बसून बायकांशी बोला. "दवाखान्यातून आणली तवापासून माय भलतंच बोलते." "बाबाले आता पैशाचा हिसाब समजत नाही." ही वाक्ये ऐकायला मिळतातच. त्यावर शेजारी तीनपैकी एक उत्तर देतात. वय झाले. भूल जास्त दिली. नाहीतर बाहेरचे काही लागले. तिन्ही उत्तरांनी एकच काम होते. तपासणी टळते.

आज हा विषय घ्यायला कारण आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डामुळे गरीब घरातल्या म्हाताऱ्यांची मोठी ऑपरेशने होणे सोपे झाले आहे. खुब्याचे हाड, प्रोस्टेट, गर्भपिशवी, पित्ताशय, हृदय. आधी ज्यांना "आता या वयात कशाला" म्हणून घरीच ठेवले जाई, ते आज यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरच्या मेडिकलला जातात. ही चांगली गोष्ट आहे. ऑपरेशन मिळण्याचा हक्क आला, आता त्यानंतर डोके शाबूत राहते की नाही हे पाहिले जाण्याचा हक्कही मागितला पाहिजे.

दोन वेगळे त्रास

पहिला त्रास लगेच होतो. ऑपरेशननंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखे वागते. सलाईन ओढते, "मला घरी न्या" म्हणते, मेलेल्या नवऱ्याला हाक मारते, मुलाला ओळखत नाही. सकाळी बरे असते, संध्याकाळी बिघडते. याचा दुसरा प्रकार शांत असतो. माणूस गप्प पडून राहते, विचारले तर उशिरा उत्तर देते, जेवत नाही. आरडाओरड करणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. गप्प पडलेल्या म्हातारीला मात्र "झोपू द्या, थकली असेल" म्हणून सोडून देतात. नर्सिंगच्या अनुभवावरून सांगते, वॉर्डात जास्त काळजी या गप्प माणसाची करावी. हा भ्रम हे वेड नव्हे. त्याच्या मागे बहुतेक वेळा शरीरातले कारण असते. लघवी अडकणे, जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी पडणे, साखर किंवा सोडियम उतरणे, वेदना, झोपेच्या गोळ्या. आणि एक कारण आपण लपवतो, ते म्हणजे रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद होणे.

दुसरा त्रास हळू असतो. भ्रम नसतो, माणूस ओळखते, बोलते. पण गोष्टी विसरते, गोळ्यांची सरमिसळ करते, रोजचा रस्ता चुकत नाही पण बाजारात उरलेले पैसे मोजता येत नाहीत. हे आठवडे किंवा महिने टिकते. यालाच डॉक्टर ऑपरेशननंतरची बौद्धिक घसरण म्हणतात.

ही म्हाताऱ्यांची कुरकुर नाही. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भूल आणि म्हाताऱ्यांचा मेंदू यावर लेख लिहिला. "ऑपरेशन झाल्यापासून हे पहिल्यासारखे राहिले नाहीत" ही घरच्यांची तक्रार त्यांनी गंभीरपणे घेतली होती. पुढे १९९८ मध्ये त्याच नियतकालिकात युरोपातील आठ देश आणि अमेरिकेतील रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला. साठ वर्षे आणि त्यापुढच्या १,२१८ रुग्णांची मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर परीक्षा घेतली गेली. एका आठवड्याने सुमारे २६ टक्के लोकांत घसरण दिसली. तीन महिन्यांनी ती सुमारे १० टक्क्यांत उरली. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण दोन्ही वेळा तीन टक्क्यांच्या आसपास होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. घसरण खरी आहे. आणि बहुतेकांची ती कमी होत जाते. म्हणून घाबरून ऑपरेशन टाळायचे नाही, आणि "होईल बरे" म्हणून डोळेही मिटायचे नाहीत. दहात एक जण तीन महिन्यांनीही मागेच होता. तो आपल्या घरातला असू शकतो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या वस्तीने नीट वाचावी. सुरुवातीच्या घसरणीचा धोका कोणाला जास्त? वय जास्त असलेल्याला, भूल जास्त वेळ चाललेल्याला, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागलेल्याला, नंतर जंतुसंसर्ग किंवा श्वासाचा त्रास झालेल्याला. आणि शिक्षण कमी असलेल्याला. म्हणजे ज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, तेच इथेही पहिल्या रांगेत. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या आपल्या आया १९५० च्या आसपास जन्मल्या. त्यांच्यातल्या कितीजणींच्या हातात पाटी आली? पाटीच्या वयात त्या कापूस वेचायला गेल्या. ज्या बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्यांचे शब्द त्यांनी आपल्या लेकरांवर खर्च केले, स्वतःवर नाही.

पडद्यावरची परीक्षा कशी असते

आता मोठ्या रुग्णालयांत आणि संशोधनात ही घसरण मोजायला संगणकाचा किंवा टॅबलेटचा वापर होतो. पडद्यावर पत्ता उलटला की लगेच बटण दाबायचे. हा पत्ता आधी येऊन गेला का, ते सांगायचे. चौकोनांमागे लपलेली आकृती कुठे होती ते बोट लावून दाखवायचे. शब्दांची यादी ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगायची. संगणक उत्तर बरोबर की चूक एवढेच नोंदवत नाही, किती वेळात दिले तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

याचा फायदा खोटा नाही. विचाराचा वेग मंदावणे हे पहिले लक्षण असू शकते, आणि ते डोळ्याने दिसत नाही. संगणक प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच पद्धतीने विचारतो. सकाळची सिस्टर प्रेमळ आणि रात्रीची चिडकी, असा फरक तिथे पडत नाही. दर वेळी वेगळा पण तेवढाच कठीण प्रश्नसंच देता येतो. जिथे मानसतज्ज्ञ नाही तिथे थोडे शिकवलेली परिचारिकाही ही परीक्षा घेऊ शकते. आपल्या जिल्ह्यात तज्ज्ञ माणसे किती कमी आहेत हे माहीत असल्यावर मी तरी या यंत्राला नाही म्हणणार नाही.

पण हे यंत्र कोणासाठी बनले? ज्याने शाळेत बाकावर बसून परीक्षा दिली, ज्याच्या बोटांना पडद्याची सवय आहे, त्याच्यासाठी. आपल्या आजीसमोर ते ठेवा. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बोटांना वेचणीची घट्टी पडली आहेत, पडदा तिचा स्पर्श घेत नाही. सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत. आणि पत्ते! ज्या बाईने आयुष्यभर पत्ते म्हणजे तिरट, जुगार, घरातला पैसा उडवणारी गोष्ट म्हणून हात लावला नाही, तिला किलवर आणि इस्पिकमधला फरक विचारायचा. ती चुकणारच. मग संगणक लिहिणार, बुद्धी कमी. हे मोजमाप कशाचे झाले? तिच्या मेंदूचे की तिच्या न झालेल्या शाळेचे?

कागदावरच्या जुन्या परीक्षांतही हाच दोष होता. शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा. निरक्षर माणूस धडधाकट असूनही तिथे नापास. हा दोष भारतातच दुरुस्तही केला गेला. हरियाणातल्या बल्लभगढ भागातील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात अशी परीक्षा नव्याने बांधली गेली. वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी "मी करतो तसे करा" असे विचारले. वाक्य लिहिण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल काही सांगा" असे विचारले. प्रश्न माणसाच्या जगण्यातून घेतला की निरक्षर माणसाचीही बुद्धी मोजता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील वृद्धत्वाचे मोठे सर्वेक्षण केले. त्यातल्याच काही हजार वृद्धांची स्मृतिभ्रंशासाठी दिल्लीच्या एम्ससोबत सविस्तर तपासणी झाली. तिथे फक्त वृद्धालाच नाही, त्याला जवळून ओळखणाऱ्या घरच्या माणसालाही विचारले गेले. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यात ८.४ टक्के, शहरात ५.३. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईचा मेंदू आधीच थकलेला असण्याची शक्यता जास्त. तिची तपासणी मात्र सगळ्यात कमी.

माझे म्हणणे: आधी एकदा, नंतर पुन्हा

या सगळ्यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. माणसाची तुलना दुसऱ्याशी करू नका, त्याच माणसाशी करा. आजी शंभरपैकी चाळीस गुण मिळवते हे कळून काही उपयोग नाही. ऑपरेशनआधी चाळीस होते आणि तीन महिन्यांनी पंचवीस झाले, हे कळले तर उपयोग आहे. शाळा न झाल्याचा परिणाम दोन्ही वेळा सारखाच राहतो. बदलले असेल तर ते ऑपरेशनच्या दरम्यान बदलले.

म्हणून फक्त नंतर घेतलेली परीक्षा अर्धवट आहे. ऑपरेशनआधी रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो हे सगळे होते. त्याच दिवशी वीस मिनिटे काढून आठवणीची नोंद का होऊ नये? नंतरची परीक्षाही वेळ पाहून घ्यावी. वेदनेने कण्हणाऱ्या, गुंगीत असलेल्या माणसासमोर दुसऱ्या दिवशी पडदा धरणे म्हणजे परीक्षेचा देखावा. आणि तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की सवयीने गुण थोडे वाढतात, हेही तपासणाऱ्याने ध्यानात धरावे. ज्याचे गुण वाढायला हवे होते आणि जिथल्या तिथे राहिले, तो बरा आहे असे म्हणता येत नाही.

आपण पुढील मागण्या कराव्यात.

एक, योजनेत ६० वर्षांवरील माणसाचे मोठे ऑपरेशन होत असेल तर आधी आणि तीन महिन्यांनी आठवणीची तपासणी व्हावी, आणि तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर असावी.

दोन, तपासणी मराठीत व्हावी. आपल्या भागात वऱ्हाडी, बंजारा, गोंडी, कोलामी बोलणारी माणसे आहेत, त्यांना समजेल अशा भाषेत प्रश्न विचारणारे माणूस सोबत असावे. टॅबलेट असावा, पण टॅबलेट हातात देऊन निघून जाणे नको.

तीन, पत्ते आणि इंग्रजी अक्षरांऐवजी भाजी, भांडी, जनावरे, पीक यांची चित्रे असावीत. आधी सराव करू द्यावा. चष्मा आणि कानाचे यंत्र लावल्याशिवाय परीक्षा सुरू करू नये.

चार, घरच्या माणसाला विचारल्याशिवाय "बुद्धी घसरली" असा शेरा कोणी लिहू नये.

पाच, आशा ताईंकडे तीस वर्षांवरील लोकांचा जो तपासणी फॉर्म असतो, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी "जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का" असा प्रश्न आहे. तो वर्षातून एकदा भरून ठेवण्यापेक्षा ऑपरेशन झालेल्या घरी पुन्हा जाऊन विचारावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आशा ताईला या जादा कामाचा मोबदला मात्र मिळाला पाहिजे.

तोपर्यंत घरी काय करावे

शासन जागे होईपर्यंत वही आणि पेन आपल्या हातात आहे. घरातल्या शिकलेल्या मुलीने ऑपरेशनच्या आधी एका सकाळी आजी-आजोबांजवळ बसावे आणि लिहून ठेवावे. आज कोणता वार, कोणता ऋतू? तवा, गाय, चप्पल असे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी किती आठवले? वार उलटे म्हणता आले का? पन्नासची नोट दिली, अठरा रुपयांची भाजी घेतली, किती परत? गोळी कोणती कधी घ्यायची? स्वयंपाक, अंघोळ, बाजार यातले काय स्वतः करतात? घरी आल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तसेच पुन्हा विचारावे, शब्द तेवढे बदलावेत. ही परीक्षा नाही, रागावू नये, हसू नये. यावरून रोग ठरत नाही. पण डॉक्टरांसमोर "काहीतरी बदललंय" म्हणण्याऐवजी ही वही ठेवली तर ते लक्ष देतील.

भ्रम टाळण्यात घरच्यांचा हात मोठा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात ८५२ वृद्ध रुग्णांवर अभ्यास झाला. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, पण त्यातला धडा आपल्याला लागू पडतो. वेळ-ठिकाणाची आठवण देत राहणे, रात्री शांत झोप, लवकर उठवून चालवणे, चष्मा देणे, ऐकू येईल अशी व्यवस्था, पुरेसे पाणी. एवढ्याने भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले. तिथे त्यासाठी स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे तर खाटेखाली चटई टाकून सून किंवा लेक झोपलेलीच असते. तिला फक्त काय करायचे ते सांगा. आजीचा चष्मा आणि कवळी घरी ठेवून येऊ नका. "आज बुधवार आहे, आपण दवाखान्यात आहोत, ऑपरेशन चांगलं झालं" असे दर थोड्या वेळाने सांगा. पाणी किती द्यायचे ते सिस्टरना विचारून द्या.

तिथल्या डॉक्टरांपासून दारूची सवय लपवू नका. लाजेपेक्षा जीव मोठा आहे. झोपेची गोळी दुकानातून आणून परस्पर देऊ नका. "पाठीत इंजेक्शन दिलं की डोकं नीट राहतं, पूर्ण भूल नको" हा हट्टही करू नका. खुब्याच्या ऑपरेशनवर अमेरिका-कॅनडात १,६०० रुग्णांचा जो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही प्रकारांत भ्रमाचे प्रमाण सारखेच निघाले. कोणती भूल हे भूलतज्ज्ञाला ठरवू द्या. आणि डोके बिघडेल या भीतीने मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन लांबवू नका. अंथरुणाला खिळलेले माणूस त्यापेक्षा लवकर जाते.

घरी आल्यावर माणूस एकाएकी बरळू लागले, हलवूनही नीट जागे होत नसेल, लघवी होत नसेल, ताप असेल, तोंड वाकडे झाले किंवा एक बाजू लुळी पडली, तर अंगारा-धुपारा नाही, १०८ ला फोन लावा.

अंगठ्याची गोष्ट

शेवटी एक अवघड गोष्ट बोलते. डोके जागेवर नसलेल्या माणसाचा अंगठा फार स्वस्त असतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत घराचा, शेताचा, बँकेचा कोणताही कागद म्हाताऱ्यांकडून करून घेऊ नये, असा नियमच प्रत्येक वस्तीने पाळावा. निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे काढताना विश्वासाचे माणूस सोबत असावे आणि वहीत नोंद व्हावी. सांभाळ करू या अटीवर मालमत्ता लिहून घेतली आणि सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, हेही माहीत असू द्या.

याची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. एका पडद्यावर गुण कमी आले म्हणून "हिला काही कळत नाही" असे ठरवून आजीचा बोलण्याचा, पैशाचा, घरातल्या निर्णयाचा अधिकार काढून घेणे हाही अन्यायच. तपासणी मागायची ती तिला मदत मिळावी म्हणून. तिला गप्प बसवण्यासाठी नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वस्तीत कोणाकोणाची ऑपरेशने झाली, कोणाची ठरली आहेत, याची यादी करा. महिला मंडळाने दोघी-तिघींना वही देऊन त्या घरांत पाठवा. दहा घरांच्या वह्या भरल्या की त्या घेऊन आपण तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाऊ. तोंडी तक्रार विसरली जाते. लिहिलेल्या वहीला उत्तर द्यावे लागते.